समलिंगी विवाहाला धर्मसंस्थांचा राजकीय विरोध: चळवळीने उत्तर कसे द्यावे?

निशिगंध (धागाकर्ती)

सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाच्या याचिकांवर १७ ऑक्टोबर २०२३ रोजी मान्यता नाकारणारा निकाल दिला आणि ९ जानेवारी २०२५ रोजी पुनर्विचार याचिकाही फेटाळल्या. निकालाच्या कायदेशीर बाजूवर पुष्कळ लिहून झाले आहे. मला बोलायचे आहे ते सुनावणीच्या आसपासच्या काही महिन्यांबद्दल. एरवी एका व्यासपीठावर न येणाऱ्या संघटना त्या उन्हाळ्यात एकाच बाजूला उभ्या होत्या. जमियत उलेमा-ए-हिंदने हस्तक्षेप अर्ज केला, अखिल भारतीय संत समितीनेही केला. विवाह हा भिन्नलिंगी व्यक्तींमधला संस्कार आहे, असे सांगून राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे सरकार्यवाह दत्तात्रेय होसबाळे यांनी केंद्राच्या भूमिकेला दुजोरा दिला, आणि केंद्र सरकारने तर ही मागणी शहरी उच्चभ्रूंची असल्याचे न्यायालयात लिहून दिले.

या विरोधाला चळवळीकडून दिली गेलेली उत्तरे मला अपुरी वाटतात. काहींनी खजुराहो आणि शिखंडी पुढे करून धर्म आपल्याच बाजूचा असल्याचे सांगितले, काहींनी धर्म मागासलेला म्हणून तो विषयच झटकून टाकला. दोन्ही उत्तरांत आपण मान्य करून बसतो की निवाडा धर्माच्या अंगणातच व्हायचा आहे. प्रत्यक्षात सुनावणीच्या पहिल्याच दिवशी, १८ एप्रिल २०२३ रोजी, सरन्यायाधीशांनी स्पष्ट केले होते की त्या त्या धर्माच्या व्यक्तिगत कायद्यांना हात लावला जाणार नाही आणि विचार फक्त, धर्म न पाहता लग्न नोंदवू देणाऱ्या, १९५४ च्या विशेष विवाह कायद्याचा होईल. म्हणजे कोणत्याही मंदिरात, मशिदीत किंवा चर्चमध्ये लग्न लावून द्या, अशी मागणी न्यायालयासमोर नव्हतीच. मागणी सरकारी नोंदवहीतल्या नोंदीची होती. एवढी साधी गोष्ट पुण्यासारख्या शहरातही घराघरांत का पोहोचली नाही, आणि ती पोहोचवायची कशी?

अप्पा_शनिवारपेठ

धागा गंभीरपणे मांडला आहे, म्हणून गंभीरपणेच उत्तर देतो. मी या मागणीच्या विरोधात आहे. आमच्या घरात मुलगा गुरुगृहाहून निघताना त्याला 'प्रजातन्तुं मा व्यवच्छेत्सीः', म्हणजे वंशाचा धागा तोडू नकोस, असे सांगण्याची परंपरा आहे, आणि गृहस्थाश्रमाचा पाया मी तोच मानतो. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ चा प्रौढांच्या खाजगी आयुष्याशी असलेला संबंध २०१८ मध्ये संपला, याचा मला आनंद झाला होता; कोणाला त्याच्या स्वभावासाठी तुरुंगात टाकणे हा अधर्मच होता. परंतु विवाह ही समाजाने दिलेली मान्यता आहे आणि ती समाजाच्या प्रतिनिधींकडूनच यायला हवी. सुशील मोदी यांनी डिसेंबर २०२२ मध्ये राज्यसभेत हेच म्हटले होते की दोन न्यायाधीश बसून असा प्रश्न निकाली काढू शकत नाहीत. या मताला द्वेष म्हणू नये, एवढीच विनंती.

वकीलबाई

अप्पा, आपल्या मताला कोणी द्वेष म्हणत नाही, पण निकालात नेमके काय आहे ते येथे एकदा नोंदवणे आवश्यक आहे. विवाहाचा मूलभूत अधिकार घटनेत नाही, यावर पाचही न्यायमूर्तींचे एकमत होते. मतभेद होता तो समलिंगी जोडप्यांच्या सहजीवनाला काही कायदेशीर मान्यता द्यावी का आणि त्यांना दत्तक घेता यावे का, यावर. सरन्यायाधीश चंद्रचूड आणि न्या. कौल एका बाजूला, न्या. भट, न्या. कोहली आणि न्या. नरसिंह दुसऱ्या बाजूला, असा तो तीन विरुद्ध दोन झाला. पारलिंगी (ट्रान्सजेंडर) व्यक्तीला भिन्नलिंगी नात्यात प्रचलित कायद्यानुसार विवाह करता येतो, हेही पाचही जणांनी मान्य केले. आणि या जोडप्यांच्या हक्कांचा विचार करण्यासाठी समिती नेमण्याचे केंद्राने न्यायालयासमोर कबूल केले होते. ती कॅबिनेट सचिवांच्या अध्यक्षतेखाली एप्रिल २०२४ मध्ये नेमली गेली.

धागाकर्तीच्या प्रश्नात एक भर घालते. विशेष विवाह कायद्यातही मार्ग मोकळा नाही. जोडपे भिन्नलिंगी असले तरी नोटीस दिल्यावर तीस दिवस थांबावे लागते आणि ती नोटीस विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात दर्शनी जागी लावली जाते. आंतरधर्मीय जोडप्यांचा माग काढणारे तेथूनच नावे आणि पत्ते उतरवून घेतात. धार्मिक गटांचे राजकारण नोंदणी कार्यालयाच्या फलकापर्यंत कसे पोहोचते, याचे हे रोजचे उदाहरण आहे. समलिंगी जोडप्यांना उद्या हा कायदा खुला झाला, तरी तो फलक तेथे असणारच आहे.

भीमथडी

थोडे इतिहासात जाऊ, कारण हा वाद पुण्याला नवा नाही. मूळ १८७२ च्या विशेष विवाह कायद्याचा पहिला मसुदा सर्वांसाठी खुला होता. धर्मसंस्थांनी इतका विरोध केला की शेवटी तो, आपण हिंदू, मुस्लिम, ख्रिस्ती वगैरे कोणताच धर्म मानत नाही, असे लिहून देणाऱ्यांपुरता आक्रसला. लग्न नोंदवण्यासाठी स्वतःचा धर्म नाकारावा लागे. त्याच्या पुढच्याच वर्षी, १८७३ मध्ये, जोतीरावांनी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला आणि भटजीविना लग्ने लावायला सुरुवात केली. मंगलाष्टके मराठीत, वधूवरांनी एकमेकांना द्यायची वचनेही मराठीत. विरोध कोणाकडून झाला ते सांगायला नको.

१८९१ चा संमतिवयाचा कायदा आठवा. मुलीच्या संमतीचे वय दहावरून बारा करण्यालाही विरोध झाला, आणि परकी सरकारने धर्मात हात घालू नये, ही टिळकांची भूमिका होती. हिंदू कोड बिलाच्या वेळी सरकार स्वकीय होते, तरी विरोध तोच राहिला आणि बाबासाहेबांनी १९५१ मध्ये राजीनामा दिला. ते विधेयक रखडवले गेले, हे त्याचे एक प्रमुख कारण होते. अप्पा म्हणतात की निर्णय प्रतिनिधींकडून यावा. मान्य. पण प्रतिनिधींकडून निर्णय येऊ लागतो तेव्हाही धर्मसंस्था वाट अडवतातच, हे या शहराने पाहिले आहे.

रोहित_वारजे

भीमथडींच्या प्रतिसादाशी पूर्ण सहमत. मला धागाकर्तीचा सूर मात्र पटत नाही. उत्तर सौम्य असावे, धर्माला दुखवू नये, ही अपेक्षा नेहमी आमच्याकडूनच का? मी समलिंगी आहे, गेली काही वर्षे पुण्याच्या प्राइड मोर्चात चालतो. मोर्चा पहिल्यांदा निघाला २०११ मध्ये, म्हणजे समलिंगी संबंध गुन्हा नाही असे ठरवणाऱ्या दिल्ली उच्च न्यायालयाच्या नाझ फाउंडेशन निकालानंतर दोन वर्षांनी, आणि आणखी दोनच वर्षांनी, ११ डिसेंबर २०१३ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल उलटवला. नाझच्या विरोधात अपील करणाऱ्यांत मुस्लिम पर्सनल लॉ बोर्ड होते, काही चर्च संघटना होत्या, बाबा रामदेव यांच्या गोटातील व्यक्ती होती. तेव्हा विवाहाचा प्रश्नही नव्हता. प्रश्न होता आम्ही गुन्हेगार आहोत की नाही, एवढाच. 'शिक्षा नको, पण लग्नही नको' ही आजची मवाळ भूमिका त्यातल्या अनेकांनी २०१८ नंतर घेतली आहे. म्हणून मला सौम्य व्हायला सांगण्याआधी हा क्रम लक्षात घ्यावा.

कोंढवेकर

मी मुसलमान आहे आणि या विषयावर आमच्या मोहल्ल्यात बोलणे सोपे नाही, तरी लिहितो. जमियतच्या अर्जामागे धार्मिक मत आहेच, ते मी झाकणार नाही. पण सामान्य माणसाच्या मनात त्याहून मोठी भीती वेगळी आहे. आज विशेष विवाह कायद्यात बदल झाला तर उद्या त्याच वाटेने आमच्या व्यक्तिगत कायद्यात हात घातला जाईल, ही ती भीती. समान नागरी कायद्याची चर्चा सतत डोक्यावर असताना ती पोकळ म्हणता येत नाही.

आणि येथेच एक गोष्ट आमच्या लोकांना कोणी समजावून सांगितली नाही. उत्तराखंडात समान नागरी कायदा जानेवारी २०२५ मध्ये लागू झाला. त्यात विवाह स्त्री आणि पुरुष यांच्यातलाच आहे, नोंदणी सक्तीची केलेले लिव्ह-इन नातेही स्त्री-पुरुषांमधलेच. म्हणजे ज्या कायद्याची आम्हाला धास्ती वाटते, त्यानेच समलिंगी जोडप्यांनाही दाराबाहेर ठेवले आहे. चळवळीतल्या लोकांनी कोंढव्यात, मोमीनपुऱ्यात येऊन एवढे जरी सांगितले असते, तरी ऐकणारे भेटले असते. कोणी आले नाही.

निशिगंध

कोंढवेकर, हा मुद्दा माझ्या मनात नव्हता आणि तो या धाग्यातला सर्वांत महत्त्वाचा असावा, असे वाटते. अल्पसंख्य धर्मसंस्थांचा विरोध आणि बहुसंख्याक संघटनांचा विरोध आपण एकाच पारड्यात टाकतो. पण एकाला आपला कायदा हातचा जाईल याची भीती आहे, तर दुसऱ्याला आपला कायदा सर्वांवर लागू करायचा आहे. उत्तरही वेगवेगळे द्यावे लागेल.

रोहित, सौम्य राहा असे मी म्हटलेले नाही. ज्या मागणीवर वाद घातला जातो ती आपली मागणीच नाही, हे ठणकावून सांगा, असे म्हणते आहे.

माधवीताई_कोथरूड

मी वयाने आपणा सर्वांपेक्षा मोठी असेन. माझा मुलगा समलिंगी आहे, त्याचा जोडीदार आमच्याच घरी राहतो. मी आमच्या भागातील भजनी मंडळात पुष्कळ वर्षे आहे. सुनावणी चालू असताना एका एकादशीला हरिपाठ संपल्यावर एका बाईंनी पिशवीतून कागद काढले. राष्ट्रपतींना पाठवायच्या निवेदनावर सह्या हव्या होत्या. वर चार ओळींचा मजकूर होता, 'परकीय विकृती' असे शब्द ठळक अक्षरांत, आणि खाली नाव, पत्ता, सही अशा आखलेल्या रकान्यांत आधीच सात-आठ जणींच्या सह्या. त्या सगळ्या माझ्या ओळखीच्या. त्यांतल्या दोघी माझ्या मुलाच्या मुंजीत वाढायला होत्या.

कागद माझ्यापर्यंत आला तेव्हा मी म्हटले, "हे माझ्या निखिलविषयी आहे." (नाव बदलले आहे.) कोणी काही बोलेना. मग ज्यांच्या हातात पेटी असते त्या बाईंनी विचारले, की त्या दोघांना आपल्या मारुतीच्या देवळात लग्न लावायचे आहे का? मी सांगितले, नाही, दोघांपैकी एकाला काही झाले तर रुग्णालयात सही करता यावी, घर दुसऱ्याच्या नावावर राहावे, एवढ्यासाठी कचेरीत नोंद हवी आहे. त्या म्हणाल्या, "मग हे असं का लिहिलंय?" आणि तो कागद त्यांनी परत देऊन टाकला. सह्या केलेल्यांपैकी एकीने आपले नाव खोडले, बाकीच्यांनी नाही.

त्या वेळी स्वीकार या पालकांच्या गटातर्फे चारशेहून अधिक आईवडिलांनी सरन्यायाधीशांना पत्र लिहिले होते. ते पत्र इंग्रजी वर्तमानपत्रांतून सगळीकडे पोहोचले. आमच्या मंडळात मात्र पोहोचले ते दुसऱ्यांचे निवेदन, कारण ते मराठीत होते आणि ते घेऊन कोणीतरी दारात आले होते.

अप्पा_शनिवारपेठ

माधवीताई, आपला प्रतिसाद दोनदा वाचला. निवेदनातले ते शब्द निंद्य आहेत, ते लिहिणाऱ्याचा आणि माझा संबंध नाही. रुग्णालयातील सही, बँकेतील खाते, वारसा यांना माझा विरोध नाही, कधीच नव्हता. त्यासाठी वेगळा कायदा करावा. 'विवाह' हा शब्द आणि तो दर्जा मात्र राखून ठेवावा. यात अन्याय कोठे आहे?

वकीलबाई

अप्पा, अडचण अशी की तो वेगळा कायदा कोणीही केलेला नाही, आणि तीन न्यायमूर्तींनी न्यायालयाने तो करण्यासही नकार दिला. आज उपलब्ध आहे ते इतकेच. ऑगस्ट २०२४ मध्ये अर्थ मंत्रालयाने स्पष्ट केले की समलिंगी जोडीदारांना संयुक्त बँक खाते उघडण्यास आणि एकमेकांना नामनिर्देशित करण्यास मज्जाव नाही. शिधापत्रिकेसाठी त्यांना एकाच कुटुंबातले समजावे, असे राज्यांना कळवले गेले. जवळचे नातेवाईक उपलब्ध नसतील तर जोडीदाराला मृतदेह ताब्यात घेता यावा, असेही आरोग्य मंत्रालयाने राज्यांना लिहिले. ही सगळी पत्रे आहेत, कायदा नव्हे. पत्र मागे घेता येते आणि खिडकीतल्या कर्मचाऱ्याला ते ठाऊकही नसते.

घराचेही तसेच. गृहनिर्माण संस्थेच्या अर्जात जोडीदाराचे नाव नामनिर्देशित म्हणून घालता येते, पण नामनिर्देशनाने मालकी मिळत नाही. मृत्युपत्र नसेल तर हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे वारस म्हणून आईवडील, भाऊबहीण, पुतणे येतील. ज्याच्यासोबत आयुष्य काढले तो त्या यादीत कोठेच नाही. माझ्याकडे आलेल्या एका प्रकरणात मृताच्या भावाने तेराव्यानंतर कुलूप बदलले होते.

अबोली

मी थोडा वेगळा सूर लावते. मी दलित आहे, पारलिंगी आहे आणि आमच्या वस्तीत विवाह हा पहिला प्रश्न नाही. पहिला प्रश्न घरातून होणारी मारहाण, जबरदस्तीने लावले जाणारे लग्न आणि शिक्षण-नोकरीतले समांतर आरक्षण हा आहे. धर्मसंस्थांच्या विरोधाला उत्तर देताना 'आम्हीही तुमच्यासारखेच सोज्ज्वळ कुटुंब आहोत' असे सिद्ध करण्याच्या नादात ही चळवळ जात आणि हुंडा यांवर उभ्या असलेल्या त्याच विवाहसंस्थेची भाट होणार असेल, तर मला ते नको आहे. याचिकाकर्त्यांपैकी काहींनी न्यायालयात नेमके हेच मांडले होते की जन्मदात्या घराकडूनच हिंसा होते तेव्हा आपण निवडलेल्या माणसांना कुटुंब म्हणून मान्यता हवी. ती बाजू वर्तमानपत्रांत फार थोडी आली. मद्रास उच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये विवाह हा कुटुंब स्थापन करण्याचा एकमेव मार्ग नाही, असे म्हटले, ते मला अधिक जवळचे वाटते. तेथे एका मुलीला तिच्या घरच्यांनी जोडीदारापासून तोडून डांबून ठेवले होते.

रोहित_वारजे

अबोली, हे दोन प्रश्न एकमेकांच्या विरोधात नाहीत, असे मला वाटते. ज्या मुलीला घरच्यांनी डांबले तिच्या जोडीदाराकडे विवाहाचा दाखला असता तर पोलीस ठाण्यात तिचे ऐकून घेतले गेले असते.

अबोली

आंतरजातीय विवाहाचा दाखला हातात घेऊन पोलीस ठाण्यात गेलेल्यांचे किती ऐकले जाते, ते मी पाहिले आहे. दाखला हवा, पण त्याने सारे सुटेल असे सांगू नका.

वानवडीकर

चर्चचा उल्लेख वर आला, म्हणून आमच्याकडची बाजू मांडतो. मी कॅथलिक आहे. मुंबईचे तत्कालीन कार्डिनल ऑस्वल्ड ग्रेशस यांनी २०१३ च्या निकालानंतर जाहीरपणे सांगितले होते की समलिंगी व्यक्तींना गुन्हेगार ठरवण्याला चर्चचा पाठिंबा नाही. मात्र विवाहाला मान्यता नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले. ती रेघ आजही तेथेच आहे.

आयर्लंडचे उदाहरण पाहा. ९० च्या दशकापर्यंत घटस्फोटही नसलेला तो कॅथलिक देश. मे २०१५ च्या सार्वमतात ६२ टक्के लोकांनी समलिंगी विवाहाच्या बाजूने मत दिले, बिशपांनी विरोध केलेला असताना. तेथे प्रचार झाला तो दारोदार जाऊन, आईवडील आणि आजीआजोबा यांच्या तोंडून. कायद्याने चर्चवर असे लग्न लावण्याची सक्ती केली नाही आणि चर्च आजही लावत नाही. तैवानमध्ये उलटे घडले. घटना न्यायालयाचा निर्णय २०१७ मध्ये बाजूने आला, त्यावर ख्रिस्ती गटांच्या पुढाकाराने २०१८ मध्ये सार्वमत घेतले गेले आणि ते चळवळ हरली. मग सरकारने नागरी संहितेला हात न लावता स्वतंत्र कायदा केला आणि मे २०१९ पासून विवाहनोंदणी सुरू झाली. अप्पा म्हणतात तसा वेगळा कायदा जगात कोठेतरी झाला आहे, एवढे यावरून दिसते. पण तेथे तो न्यायालयाच्या रेट्याखाली झाला. येथे तसा रेटा उरलेला नाही.

भीमथडी

थोडे अवांतर वाटेल, पण नाही. र. धों. कर्व्यांवर 'समाजस्वास्थ्य' मासिकातील मजकुरासाठी अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात वादाचा विषय वाचकांच्या प्रश्नांना दिलेली उत्तरे हा होता, त्यांत समलिंगी संबंधांविषयीचे प्रश्नही होते, आणि कर्व्यांची बाजू मांडायला उभे होते बॅरिस्टर आंबेडकर. खटला हरले, दंड झाला. 'परकीय विकृती' लिहिणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की या विषयावर मराठीत प्रश्न विचारणारे वाचक नव्वद वर्षांपूर्वीही होते आणि त्यांना मराठीत उत्तर देणारा संपादकही होता. अबोली, तुमच्या प्रतिसादालाही हे लागू आहे. ही परंपरा उच्चभ्रूंची नाही.

निशिगंध

आता पुढचे. विधिमंडळाचा मार्ग उरला आहे असे सगळेच म्हणतात, तर त्याकडे वळू. खडकवासल्याचे आपण मतदार ज्या बारामती लोकसभा मतदारसंघात येतो, तेथील खासदार सुप्रिया सुळे यांनी १ एप्रिल २०२२ रोजी लोकसभेत विशेष विवाह कायद्यात दुरुस्ती सुचवणारे खाजगी विधेयक मांडले होते. काँग्रेसच्या २०२४ च्या जाहीरनाम्यात व्यापक चर्चेनंतर नागरी सहजीवनाला मान्यता देणारा कायदा करू, असे वचन होते. या दोन्हींविषयी मी आमच्या सोसायटीत विचारले तेव्हा एकालाही माहिती नव्हती. धर्मसंघटनांचे निवेदन मात्र माधवीताईंच्या मंडळापर्यंत पोहोचते. मला वाटते, आपण मराठीत एक पानी पत्रक तयार करावे: मागणी कशाची आहे, कशाची नाही, आणि कायदा कोणाच्या हातात आहे.

कोंढवेकर

उर्दूत मी करून देईन. 'कोणत्याही धर्माच्या व्यक्तिगत कायद्यात बदल मागितलेला नाही' हे वाक्य पहिल्या ओळीत हवे.

अप्पा_शनिवारपेठ

मी त्या पत्रकावर सही करणार नाही, कारण 'विवाह' या शब्दावर माझे मत बदललेले नाही. पण एक विचारतो. राज्य विधानसभेला यात काही करता येते का, की सगळे दिल्लीच्याच हातात आहे? वारसा आणि रुग्णालय एवढ्यापुरता कायदा महाराष्ट्राने करावा, असे निवेदन निघाले तर मी त्यावर सही करीन आणि आमच्या कट्ट्यावरही फिरवीन.

वकीलबाई

करता येते. विवाह, दत्तक, मृत्युपत्र आणि वारसा हे विषय समवर्ती सूचीत पाचव्या क्रमांकावर आहेत, त्यामुळे राज्याला कायदा करता येतो. केंद्राच्या कायद्याशी विसंगती असेल तर राष्ट्रपतींची संमती लागते. केंद्राने २०२३ मध्ये सर्व राज्यांना मत विचारले तेव्हा राजस्थान, आंध्र प्रदेश आणि आसाम यांनी विरोध कळवला, महाराष्ट्राने विरोध न कळवता अधिक वेळ मागितला होता. रुग्णालयाचा विषय राज्यसूचीतच आहे, त्यामुळे तेथून सुरुवात करणे सर्वांत सोपे. मसुद्यात 'नातेवाईक' या व्याख्येत रुग्णाने लेखी नेमलेल्या व्यक्तीचा समावेश करावा, म्हणजे अबोली म्हणतात त्या निवडलेल्या कुटुंबालाही ते लागू होईल. तोपर्यंत माधवीताई, दोन्ही मुलांची मृत्युपत्रे करून घ्या, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या आणि शक्य असेल तर ती दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवा. नोंदणी कायद्याने बंधनकारक नाही, पण भावंडांनी वाद काढला तर उपयोगी पडते.

माधवीताई_कोथरूड

करते. साक्षीदार म्हणून आमच्या मंडळातल्या पेटीवाल्या बाईंना विचारले तर चालेल का? त्या नात्यातल्या नाहीत.

वकीलबाई

चालेल. ज्यांना मृत्युपत्राने काही मिळणार आहे, अशी व्यक्ती मात्र साक्षीदार नसावी. येताना दोन्ही साक्षीदारांचे ओळखपत्र बरोबर आणा.